पन्हाळ्याची काळी वाळू आणि व्हायवातला प्रश्न

"लोखंड चुंबकाला का चिकटतं?" फर्स्ट इयरच्या व्हायवात हा प्रश्न आला. "सर, आत छोटे छोटे चुंबक असतात, तेच एकमेकांना रांगेत लावतात," असं मी ठोकून दिलं. मार्क मिळाले. उत्तर चूक होतं.

परवा पन्हाळ्याच्या ट्रिपला जुन्या स्पीकरचा चुंबक बरोबर नेला होता. ओढ्यातल्या काळ्या वाळूतून फिरवला, तर त्याला मिशा फुटल्या! मसाई पठारावरच्या तांबड्या जांभ्याचा चुरा मात्र जवळपास ढिम्म. लोखंड दोन्हीत आहे. जांभा तर बेसाल्ट कुजूनच झालेला. मग असं का?

मुळात प्रत्येक इलेक्ट्रॉन स्पिनमुळे एक चिमुकला चुंबक असतो. जोडी जमली की दोघांचा परिणाम संपतो. पाणी, गारगोटी हे असे पदार्थ, चुंबकापासून किंचित दूरच सरकणारे. मोरचुदात एकटे इलेक्ट्रॉन असतात, पण उष्णतेने त्यांची तोंडं दहा दिशांना. ओढ असते, पण क्षीण.

आता माझी चूक. शेजारच्या अणूंमधलं चुंबकीय बल इतकं कमी, की निरपेक्ष शून्याच्या वर एखाद्या अंशावरच रांग मोडेल. लोखंडाची रांग तर ७७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते! हे बल खरं म्हणजे विद्युत आहे. पाउलीच्या नियमाप्रमाणे सारख्या स्पिनचे इलेक्ट्रॉन एका जागी येऊ शकत नाहीत. ते लांब राहतात, त्यांच्यातलं प्रतिकर्षण घटतं. लोखंडात म्हणून एका दिशेला राहणं ऊर्जेच्या हिशेबात स्वस्त पडतं. हायझेनबर्गने हे १९२८ मध्ये मांडलं.

ऑक्साइडमध्ये मध्ये ऑक्सिजन बसतो आणि शेजारी उलट तोंडं करतात. जांभ्यातल्या हेमटाइटमध्ये दोन्ही बाजू जवळजवळ समान, बाकी शून्याच्या आसपास. काळ्या वाळूतल्या मॅग्नेटाइटमध्ये एकीकडे ५, दुसरीकडे ५ अधिक ४. उरले ४, तेच माझ्या चुंबकाला चिकटले. हा हिशेब नीलचा, १९४८ चा.

मॅग्नेटाइट ५८० अंशांखाली आलं की ही रांग लागते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होताना त्यातल्या कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा पकडली, ती अजून सोडलेली नाही. कित्येक थरांत ती आजच्या उलट आहे, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते. तिच्या कलावरून कळतं, की ही जमीन तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती.

जाणार असाल तर चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्या. माझा अजून साफ होतोय.