जबड्याच्या सांध्याचे विकार : विद्यार्थ्यांना निदान शिकविताना

कानाच्या छिद्रापुढे बोट टेकवून तोंड उघडले की जबड्याचा सांधा सरकताना जाणवतो. या सांध्याचा अथवा त्याच्या स्नायूंचा रुग्ण मात्र कान दुखतो, डोके दुखते किंवा दाढ दुखते असे सांगत येतो. दुखणे कायम राहून निरोगी दाढ मात्र गमावून बसलेले रुग्ण मी पाहिले आहेत. म्हणून मुखरोगनिदानाचा अध्यापक या नात्याने हा विषय मी आवर्जून शिकवितो.

विद्यार्थ्याला प्रथम आठवतो तो क्ष-किरण. परंतु साध्या क्ष-किरणात हाड दिसते. सांध्यातील चकती व स्नायू दिसत नाहीत, आणि वेदनेचे मूळ बहुधा स्नायूंतच असते. तेव्हा आधी बोटे तयार करावी लागतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार मॅसेटर व टेम्पोरॅलिस या स्नायूंवर सुमारे १ किलो, तर सांध्याच्या बाहेरील टोकावर अर्धा किलो दाब द्यावयाचा असतो. हा दाब मी विद्यार्थ्यांना वजनकाट्यावर बोट दाबून ओळखावयास लावतो.

त्यानंतरचा प्रश्न सर्वांत मोलाचा. ‘दुखते का?’ एवढे विचारून भागत नाही. ‘हेच का तुमचे नेहमीचे दुखणे?’ असे विचारावे. दाबल्यावर रुग्णाला आपली ओळखीची वेदना भेटली, तरच त्या जागेला दोष द्यावा.

मग पट्टीने तोंडाचे उघडणे मोजावे. प्रौढांत ते साधारणतः ४० मिलिमीटर वा अधिक असते. उघडताना हनुवटी एका बाजूस वळून पुन्हा मध्यावर येते, की तिकडेच राहते, हे पाहावे. तिकडेच राहिल्यास त्या बाजूची चकती अडल्याची शंका घ्यावी. आपल्याकडे सुपारी-गुटख्यामुळे गालाची त्वचा आतून ताठ होऊनही तोंड उघडत नाही. म्हणून गालाच्या आतून बोट फिरविल्याविना सांध्याचे नाव घेऊ नये. आणि वेदना वा अडथळा नसलेल्या नुसत्या ‘कट्’ आवाजावर उपचार करू नयेत.

आपणा वैद्यकीय सहकाऱ्यांचे साहाय्य येथेच हवे. श्रमाने वाढून विश्रांतीने थांबणारी जबडेदुखी हृदयाची असू शकते. पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखणे, चावताना जबडा दुखून येणे व दृष्टी अंधुक होणे ही धमनीदाहाची खूण असू शकते. तेथे विलंबाने दृष्टी जाते. उलटपक्षी, कान निर्दोष असूनही कान दुखत असेल, तर दाढ काढण्याचा सल्ला देण्यापूर्वी दोन बोटे त्या सांध्यावर अवश्य ठेवावीत.