घोडीचं गोत्र

जाईवर खोगीर चढवायला सुरुवात करून तीनच आठवडे झाले होते. ट्रेनरचा फोन आला, "पाठीवर काहीतरी विचित्र दिसतंय, येऊन बघा." मला वाटलं खोगीर लागलं असेल, गादी बदलू. जाऊन पाहिलं तर दोन वर्षांच्या त्या पोरीच्या पाठीवर, बरोबर खोगिराखाली, तळहाताएवढं कातडं सुटलं होतं. घासून सोललेलं नव्हे. उकडलेल्या बटाट्याचं साल हाताबरोबर निघावं, तसं निघालेलं. शेजारची कातडी चिमटीत धरली तर ती नको तेवढी वर आली आणि सोडल्यावर लवकर खाली बसेना.

डॉक्टरांनी आयाळीचे केस उपटून प्रयोगशाळेत पाठवले. निदान आलं: हर्डा. नाव आपल्या हिरड्यासारखं, पण याला औषध नाही. कातडीचे थर एकमेकांना धरून ठेवणारं कोलॅजेन या जनावरांत मुळातच नीट बांधलं जात नाही. शिंगरू जन्मतं तेव्हा सहसा काही कळत नाही. पाठीवर ओझं आलं की कळतं. अशा घोड्यावर कधीच बसता येत नाही.

"आईची टेस्ट केली होती?" डॉक्टरांनी विचारलं. मी गप्प.

आई म्हणजे कस्तुरी, माझी कुमैत क्वार्टर हॉर्स घोडी. मी मूळची शहादा तालुक्यातली, आता नवऱ्याच्या नोकरीमुळे मिसूरीच्या नैऋत्य कोपऱ्यात. चाळिशीनंतर रेनिंगच्या नादी लागले ते कस्तुरीमुळे. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: ढिल्या लगामावर, एका हातानं, घोड्याला भरधाव सोडायचं आणि अचानक थांबवायचं. तो मागचे पाय पोटाखाली घेऊन घसरत जातो, पुढचे पाय मात्र चालतच राहतात. त्यासाठी मागच्या पायांना रुंद, गुळगुळीत नाल ठोकतात. मग जागच्या जागी भोवऱ्यासारख्या गिरक्या. प्रत्येकाची सुरुवात 70 गुणांपासून, तिथून वर किंवा खाली. कस्तुरी आमच्या भागातल्या स्पर्धांत सहज 70 च्या वर जायची. चौदाव्या वर्षी तिचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा ठरवलं, आता हिचं एक शिंगरू घ्यायचं.

आणि मी नर शोधायला निघाले. चूक तिथेच झाली.

ओक्लाहोमा सिटीत दर हिवाळ्याच्या तोंडावर तीन वर्षांच्या घोड्यांची फ्युच्युरिटी भरते, रेनिंगवाल्यांची ही पंढरी. तिथे एका चॅम्पियन नराची पोरं पाहिली. थांबताना मातीवर रेघ मारल्यासारखी घसरत होती. महिनाभर मी रात्री त्या नराचे व्हिडिओ बघत बसले. त्याची कमाई, त्याच्या पोरांची कमाई, आजोळ, पणजोळ, सगळं पाठ. आपल्याकडे मुलीसाठी स्थळ बघताना मुलाचा पगार, फ्लॅट, गाडी विचारतात. मीही तेच केलं. मुलीची पत्रिका मात्र घरात कपाटात राहिली.

गंमत म्हणजे वंशावळीच्या कागदावर सगळं स्पष्ट दिसत होतं. नराच्या पाचव्या-सहाव्या पिढीत पोको ब्यूनो, कस्तुरीच्याही मागे पोको ब्यूनो. 1944 साली जन्मलेला हा घोडा क्वार्टर हॉर्समधला मूळपुरुषच म्हणायचा. मालकाच्या इच्छेप्रमाणे त्याला टेक्सासातल्या वॅगनर रँचजवळ उभ्यानं पुरलंय, लोक ते थडगं बघायला जातात. हर्डा याच घराण्यातून पसरला असं मानतात. दोन्हीकडे त्याचं नाव दिसल्यावर मी चक्क खूश झाले होते. इथे रक्त घट्ट करणं हा गुण समजतात आणि बाजारात त्याला भावही मिळतो. आमच्या आजोबांना विचारलं असतं तर एका शब्दात म्हणाले असते, "सगोत्र!"

आजोबा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी घ्यायला जायचे. तापीच्या काठावर तासन्‌तास घोडीभोवती फिरत भोवरे मोजायचे. कपाळावर कुठे, मानेवर कुठे, कुठला शुभ, कुठला मालकाच्या मुळावर येणारा. त्या भोवऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण आधी घोडी नखशिखांत बघायची, मग पुढचं बोलायचं, हा त्यांचा क्रम बरोबर होता.

आता गणित. हर्डाचा दोष एकाच बाजूनं आला तर जनावर ठणठणीत राहतं, नुसतं वाहक असतं. त्यातले कित्येक तर उत्तम खेळाडू, म्हणूनच हा दोष पैदाशीतून गेला नाही. कटिंगच्या, म्हणजे कळपातून गाय वेगळी काढण्याच्या खेळाच्या, घराण्यांत चारामागे एकाहून जास्त वाहक सापडले आहेत. दोन वाहक एकत्र आले, की प्रत्येक गर्भाला चारात एक संधी आजारी निघण्याची. वाहक आणि निर्दोष अशी जोडी असेल तर आजारी शिंगरू होतच नाही. म्हणजे घोडी वाहक निघाली म्हणून तिचं शिंगरू घ्यायचंच नाही असं नाही. नर निर्दोष निवडायचा, इतकंच. 2015 पासून अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशन पैदाशीच्या नरांची जनुकीय तपासणी सक्तीनं करायला लावते. घोडीला तेव्हा सक्ती नव्हती. माझ्या नराच्या जाहिरातीत त्याचा निकाल छापलेला होता: वाहक. मी तो वाचला होता. "वाहकच आहे ना, आजारी नाही" असं स्वतःला समजावून पुढचं पान उलटलं होतं. नरमालकाला मी आजही दोष देत नाही.

ही तपासणी एकदाच करायची आणि त्यात बाकीचे आजारही कळतात. काहींना दोन बाजू लागतात, काहींना एकच पुरते, तेव्हा निकाल डॉक्टरांबरोबर बसून वाचा. शिवाय प्रत्येक उणीव सारखी नसते. गनर नावानं गाजलेला नर बहिरा होता, त्याची कितीतरी पोरं बहिरी, आणि तरी जिंकत आली. बहिऱ्या घोड्यावर बसता येतं. पाठीचं कातडं सुटणाऱ्यावर नाही.

नर ठरला, पण पहिलं वर्ष तर गर्भ राहायच्या खटपटीतच गेलं. नर टेक्सासात, घोडी मिसूरीत, म्हणजे थंड केलेलं वीर्य डब्यातून मागवायचं. ते चोवीस, फार तर अठ्ठेचाळीस तास भरवशाचं. घोडी पाच-सात दिवस माजावर असते आणि बीज शेवटच्या एक-दोन दिवसांत सुटतं. नराकडे वीर्य काढण्याचे वार ठरलेले: सोमवार, बुधवार, शुक्रवार. कस्तुरीचं बीज पहिल्यांदा सुटलं ते रविवारी पहाटे. दुसऱ्या माजाला नर स्पर्धेला गेला होता, आठवडाभर वीर्य मिळणार नाही म्हणाले. हे करारात लिहिलं होतं, बारीक अक्षरात. खेळत असलेला नर निवडाल तर आधी त्याचं स्पर्धांचं वेळापत्रक मागा, मग घोडीचं कॅलेंडर मांडा. तिसऱ्या वेळी सगळं जुळलं, तर गर्भाशयात पाणी साचून राहिलं. चौदा वर्षांची आणि एकदाही न व्यालेली घोडी. गर्भाशयाचं तोंड नीट उघडत नाही, आतला कचरा बाहेर पडत नाही. डॉक्टरांनी गर्भाशय धुऊन घेतलं, इंजेक्शनं दिली, पण त्या वर्षी गर्भ राहिला नाही. खेळातल्या घोडीचं शिंगरू हवं असेल तर खेळ संपायची वाट बघू नका. आणि वय झालंच असेल तर नराचं बुकिंग करण्याआधी गर्भाशयाची सोनोग्राफी आणि बायोप्सी करून घ्या. मी बुकिंग आधी केलं.

पैशांचं सांगायचं तर नराची फी म्हणजे फक्त दारातलं तिकीट. बुकिंगची रक्कम परत मिळत नाही. दर वेळी वीर्य काढायचा आणि पाठवायचा खर्च वेगळा, डबा वेळेत परत नाही गेला तर दंड, आणि आपल्या डॉक्टरांच्या फेऱ्या. करारात "लाइव्ह फोल गॅरंटी" असते. म्हणजे शिंगरू उभं राहून दूध प्यायलं की नरमालकाची जबाबदारी संपली. नाही प्यायलं तर पैसे परत नाहीत, पुढच्या हंगामात पुन्हा एक संधी. ती संधी दुसऱ्या घोडीला वापरता येईल का, नर मेला किंवा विकला गेला तर काय, हे सहीआधी विचारा.

दुसऱ्या वर्षी गर्भ राहिला. चौदाव्या दिवशी सोनोग्राफी करून जुळं नाही ना हे बघून घेतलं. घोडीला जुळं झेपत नाही, आणि सोळाव्या दिवसाच्या आत एक गर्भ चिरडणं डॉक्टरांना सोपं जातं. पाचव्या, सातव्या, नवव्या महिन्यात गर्भपात टाळायची लस. आमच्याकडच्या कुरणांत फेस्क्यू गवत आहे, त्यातल्या बुरशीनं घोडीचं दूध आटतं आणि वार जाड होते, म्हणून शेवटचे तीन महिने तिला त्या गवतावरून हलवलं. इथे मी एकही चूक केली नाही. तेवढं माझ्या पदरात टाका.

जाई एप्रिलमधल्या एका रात्री जन्मली. तासाभरात उभी राहिली, दोन तासांच्या आत चीक प्यायली. करारानुसार सगळं व्यवस्थित पार पडलं होतं.

आज ती सहा वर्षांची आहे. अशा जनावराला झोपवून टाकायचा सल्ला पुष्कळांनी दिला, आणि ज्यांनी तसं केलं त्यांना मी नावं ठेवणार नाही. ऊन तिला सोसत नाही, म्हणून दिवसा पागेत आणि रात्री कुरणात, अंगावर पातळ झूल. कुंपणाला तार नाही, सगळं गुळगुळीत लाकूड. तिचं शिंगरू घ्यायचा प्रश्नच नाही. ती दोष प्रत्येक पोराला देणारच.

कस्तुरीचे केस मी जाईच्या निकालानंतर पाठवले. उत्तर ठाऊक होतं, तरी लिफाफा दोन दिवस फोडला नाही.

मागच्या आठवड्यात डॅलसच्या एका मैत्रिणीनं मला एका नराचा व्हिडिओ पाठवला. "ताई, कसला घसरतो बघ! बुक करू?" व्हिडिओ मी पाहिला, खरंच सुंदर घसरतो. तिला उलट लिहिलं: आधी तुझ्या घोडीच्या आयाळीतले तीस-चाळीस केस घे. कात्रीनं कापू नकोस, बोटाला गुंडाळून उपट. टोकाला पांढरं मूळ दिसलं पाहिजे.