साठ हजारांची जीप आणि पावणेतीन लाखांचा हिशेब

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून बनवलेली छोटी चारचाकी डिसेंबर २०२१ मध्ये घराघरातल्या मोबाइलवर फिरली. खर्च साठ हजारांच्या आसपास, आणि सुरू करायला दुचाकीसारखी किक. आनंद महिंद्रा यांनी जाहीर कौतुक करून त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळालीही. लोकांच्या लक्षात बोलेरो राहिली. त्याच कौतुकात महिंद्रांनी लिहिलेलं दुसरं वाक्य मात्र बहुतेक जण विसरले. ही गाडी कुठल्याच नियमात बसत नाही आणि आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावरून बंद करतील, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं होतं.

घरी गाडी बांधायची हौस असलेल्यांनी हिशेब या दुसऱ्या वाक्यापासून मांडावा. साठ हजारांचा आकडाही जरा खरवडून पाहायला हवा. लोहारकाम हाच ज्यांचा धंदा, त्यांच्याकडे वेल्डिंग मशीन होतं, हात तयार होता आणि मजुरी घरची होती. नोकरी करून रविवारी ग्राइंडर हातात घेणाऱ्याला हा भाव लागू होत नाही.

आधी दाता गाडी, म्हणजे जिचं इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि स्टिअरिंग काढून वापरायचं ती. इंग्लंडमध्ये घरी बांधायच्या लोटस सेव्हनछाप दोन सीटच्या गाड्यांसाठी वर्षानुवर्षं जुनी फोर्ड एस्कॉर्ट कापली गेली. आपल्याकडे त्या जागी मारुती ओम्नी बसते. मारुती ८०० आणि ओम्नी यांचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन एकच, पण ८०० मध्ये ते पुढे आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. ओम्नीत ते पुढच्या सीटखाली उभं असतं आणि शाफ्टने मागची चाकं फिरवतं. पुढे इंजिन, मागे हौसिंग (डिफरन्शियल) अशी साधी मांडणी हवी असेल तर ओम्नीच घ्यावी. तिचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, तरी सामान तालुक्याच्या दुकानातही मिळतं.

खाली दिलेले भाव माझा अंदाज आहेत. सांगली-मिरज, कराड किंवा सातारा इथली मजुरी आणि मालाची अवस्था पाहून ते थोडे वरखाली होतील. चालू स्थितीतली, कागद असलेली जुनी ओम्नी तीस ते पन्नास हजार. बिनकागदाची पंधरा हजारांत मिळते म्हणून मोहात पडू नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि चेसी नंबर घासलेल्या गाडीबाबत ‘मला माहीत नव्हतं’ हे कुणी ऐकत नाही. एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून बँकेचा बोजा आणि थकलेली चलनं आधी पाहा.

यांत्रिक भागाला तेहतीस ते पंचेचाळीस हजार लागतात. त्यात इंजिन पूर्ण खोलून बांधणं हा मोठा वाटा. या इंजिनाचा मूळ बोअर ६८.५ मिलिमीटर. तो आधीच ०.५० ने वाढवलेला असेल तर पुढच्या बोअरला जागा फारशी उरत नाही, म्हणून विकत घेण्याआधी मेस्त्रीकडून कॉम्प्रेशन तपासून घ्या. बोअरिंग, हेड फेसिंग, रिंग-पिस्टन, बेअरिंग, पॅकिंग किट आणि क्लच सेट एकाच वेळी करावं. ‘क्लच अजून बरा आहे’ असं म्हणून वाचवलेले तीन हजार पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीत जातात.

चेसीचं पोलाद ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त बाब आहे, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. सेव्हनसारख्या दोन सीटच्या सांगाड्याला पंचवीस मिलिमीटरचा चौकोनी पाइप साधारण साठ मीटर लागतो. पत्र्याच्या पट्ट्या धरून वजन ऐंशी-पंच्याऐंशी किलो, म्हणजे सहा-सात हजार रुपये. वेल्डर आणि लेथवाला धरला की हाच आकडा एकोणतीस ते सदतीस हजारांवर जातो. सांगाड्याचे मुख्य जोड अनुभवी वेल्डरकडूनच करून घ्यावेत. तिथे शिकाऊ हात चालत नाही.

ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि टायर यांना तीस ते सदतीस हजार. जुनं काय चालेल आणि नवं काय घ्यावं याचा फैसला इथेच होतो. स्टार्टर, डायनॅमो, रेडिएटर, गिअरबॉक्स, हौसिंग ही दुरुस्त करून वापरता येतात. ब्रेकचे होज, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, बॉल जॉइंट, टाय-रॉडची टोकं, पेट्रोलचा पाइप आणि टायर नवेच घ्या, तेही बिलासकट. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. दुकानदाराने तो फरक लावला का, हे बिलावर पाहा.

वायरिंग, बॅटरी, टाकी, सायलेन्सर यांचे एकवीस ते सत्तावीस हजार. मग बॉडी, सीट आणि रंग. लोक इथे कायम चुकतात, कारण सांगाडा उभा राहिला की गाडी झालीच असं वाटतं. फायबरचे साचे, लांबी, घासकाम, रंग यांत चाळीस ते साठ हजार सहज जातात. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, पाने यांचे पंधरा-वीस हजार धरा.

बेरीज एक लाख अठ्ठ्याण्णव हजार ते दोन लाख शहात्तर हजार. कापलेल्या ओम्नीच्या सांगाड्याचे भंगारात सहा-सात हजार परत येतील.

आता नंबर प्लेट. ती पैशाने मिळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे नव्या नमुन्याच्या गाडीला पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेची मान्यता लागते. ती व्यवस्था कारखानदारांसाठी आहे आणि तिचा खर्च लाखांत जातो. इंग्लंडमध्ये घरी बांधलेली एकच गाडी तपासून रस्त्यावर आणण्याची वेगळी परीक्षा आहे. आपल्याकडे हौशी माणसाला तसा दरवाजा नाही. फायबरची लोटस सेव्हनछाप गाडी आपल्याकडे अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने बनवली, पण कंपनी म्हणून.

मग ओम्नीचीच आरसी वापरायची, हा सल्ला प्रत्येक गॅरेजच्या कट्ट्यावर मिळतो. तो चुकीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कारखानदाराने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी, आणि भरपाई तुमच्या खिशातून. मूळ गाडी कापलीच तर कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी लागते.

‘आपल्या रानात चालवतो, कोण विचारतंय’ हेही कलम ३९ वाचून म्हणावं. नोंदणीशिवाय गाडी चालवायला त्यात बंदी आहे, आणि सार्वजनिक जागेबरोबर ‘अन्य कोणत्याही ठिकाणी’ असे शब्द आहेत. मोटार वाहनाच्या व्याख्येतून सूट आहे ती कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायच्या खास गाडीला. उसाच्या फडातून साखर कारखान्याच्या रस्त्यावर आलात की ती सूट संपली. पहिल्या वेळी दंड दोन ते पाच हजार.

ज्यांना बांधण्यातच रस आहे आणि वय विद्यार्थ्याचं आहे, त्यांनी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बाहा संघात शिरावं; बाहा म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या गाड्यांची स्पर्धा. गाडी बंद ट्रॅकवर पळते, खर्च वाटला जातो आणि वेल्डिंग मार्गदर्शनाखाली शिकता येतं.

बाकीच्यांसाठी सरळ मार्ग आहे. नोंदणी असलेली जुनी ओम्नी, जिप्सी किंवा घरातली जीप घ्या आणि तिचंच इंजिन, तिचीच चेसी ठेवून दुरुस्त भागांनी उभी करा. इंजिनच बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी घेऊन नवा क्रमांक आरसीवर चढवून घ्या. पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क पाच हजार आहे, आणि गाडी वीस वर्षांपेक्षा जुनी असेल तर ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार. पर्यावरण कर वेगळा, आणि मुदत उलटली तर दरमहा पाचशे रुपये विलंब शुल्क. हजार सीसीच्या आतल्या मोटारीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला २,०९४ रुपये अधिक कर. आजोबांची जीप पन्नास वर्षांपलीकडची आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार वीस हजार भरून विंटेज नोंदणीही करता येते, फक्त ती रोजच्या वापराला चालत नाही.

कापून बांधलेल्या ओम्नीला पावणेतीन लाखांपर्यंत जातील आणि ती शेडमध्ये राहील. दुरुस्त करून उभी केलेली ओम्नी त्याच्या निम्म्यात साताऱ्याहून सांगलीला जाईल.