राउटरांतील आंकडे : घरचे व शेजारचे

जाळ्यांतील संदेश कोणत्या वाटेनें न्यावा हें ठरविणारें यंत्र म्हणजे राउटर. गेल्या सत्रांत आमच्या संगणकवर्गांत दोन विद्यार्थ्यांनीं असे दोन राउटर तारेनें जोडिले. एकाचें नांव जालना ठेविलें, दुसऱ्याचें अंबड. त्यांनीं एकमेकांस वाटा कळवाव्या म्हणून ओएसपीएफ ही नियमपद्धति योजिली. जालन्यावर ‘राउटर ओएसपीएफ १’ अशी आज्ञा लिहिली, अंबडवर ‘राउटर ओएसपीएफ १०’. यंत्रें कांहीं केल्या शेजारधर्म पाळीनात. “तुझाच आंकडा चुकला,” म्हणून दोघांत चांगलीच जुंपली. शेवटीं अंबडची सारी मांडणी पुसून तेथेंही १ लिहिला, तरी व्यर्थ!

दोष त्या आंकड्याचा नव्हताच. सिस्को कंपनीच्या राउटरांत हा प्रोसेस क्रमांक १ पासून ६५५३५ पर्यंत कोणताही चालतो. तो शेजाऱ्याकडे धाडिला जात नाहीं. एकाच राउटरांत ओएसपीएफचे दोन कारभार चालले, तर त्यांच्या वह्या निराळ्या ओळखाव्या, एवढेंच त्याचें काम. आपल्या हजेरीपटांतील क्रमांक दुसऱ्या शाळेंत कोण विचारतो ?

जुळावयास हवा होता तो एरिया क्रमांक. तो प्रत्येक ‘हॅलो’ संदेशाबरोबर शेजाऱ्याच्या दारीं जातो. तारेच्या एका टोकास एरिया ० होता, दुसऱ्या टोकास १. ते सारखे करितांच ओळख पटली. हॅलो संदेश किती वेळानें धाडावा, हेंही दोहींकडे सारखें लागतें. प्रत्येकाचा राउटर आयडी मात्र निराळाच हवा.

परंतु हाच नियम सर्वत्र लावूं नये. ईआयजीआरपी ह्या पद्धतींत आज्ञेची घडण तशीच दिसते. पण तेथील क्रमांक शेजाऱ्यांत सारखाच लागतो. देवगिरी एक्सप्रेसचा गाडीक्रमांक जालन्यास एक व परभणीस दुसरा असून कसें चालेल ? बीजीपी पद्धतींत तर जगभर चालणारा क्रमांक मनानें घेतांच येत नाहीं; भारतांत तो आयआरआयएनएन ही संस्था देते.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नव्हे. चालत्या जाळ्यावर ओएसपीएफचा प्रोसेस क्रमांक उगीच बदलणें म्हणजे चालता कारभार मोडून नवा मांडणें. तेवढा वेळ एखाद्या दवाखान्याचें वा कचेरीचें काम खोळंबावयाचें. म्हणून दोष शोधतांना, आणि शेजाऱ्यास बोल लावण्यापूर्वीं, आधीं विचारावें : हा आंकडा घरांतच राहतो, कीं शेजाऱ्याच्या दारीं जातो ?