सॅक्रिस्टीच्या किल्ल्या घेतल्यास, आता ऐक

पोरी, चर्चच्या सॅक्रिस्टीच्या किल्ल्या तुझ्याकडे आल्या असं कळलं. फुलं, वेदीची वस्त्रं, मेणबत्त्या तू नीट सांभाळशील, त्याची मला काळजी नाही. बोलायचंय ते कपाटातल्या तीन छोट्या बाटल्यांबद्दल. लोणच्याच्या बरणीला जी शिस्त लागते तीच त्यांना लागते: कोरडा हात, घट्ट झाकण, उन्हापासून लांब. बाकीचं एकेक करून सांगते. मध्येच ‘हो आत्या, माहितीये’ म्हणू नकोस.

१. आधी तिन्ही तेलं ओळखायला शीक: दीक्षार्थींचं तेल, आजाऱ्यांचं तेल आणि ख्रिस्मा. झाकणावर रोमन लिपीतली अक्षरं असतात, ओ.आय. म्हणजे आजाऱ्यांचं, एस.सी. म्हणजे ख्रिस्मा – पण घासून घासून ती पुसट होतात, म्हणून बाटलीवर मराठीत चिठ्ठीही लाव. चिठ्ठी सुटली की बाटली फसली.

२. शंका आली तर वास घे. ख्रिस्म्यात बाल्सम नावाचा सुगंधी डिंक मिसळलेला असतो – बाकीची दोन साधी तेलं असतात, त्यांना तो दरवळ नाही.

३. पवित्र आठवड्यातल्या ख्रिस्मा मिस्सेला रिकाम्या बाटल्या धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून पाठव – आत पाण्याचा थेंब राहिला तर वर्षभराचं तेल खवट होतं. ही मिस्सा खरं तर आज्ञागुरुवारी सकाळची, पण बिशप ती आधीच्या एखाद्या दिवशीही ठेवू शकतात. आपला नाशिकचा धर्मप्रांत १५ मे १९८७ला पुण्यापासून वेगळा झाला तरी पसारा काही लहान नाही. संगमनेर, हरेगावच्या फादरांनी नाशिकला यायचं आणि संध्याकाळच्या विधीला परत आपल्या गावी पोचायचं म्हणजे धावपळच. तू एकदा ती मिस्सा बघच. बिशप ख्रिस्म्यावर फुंकर घालतात तेव्हा कुजबुजणारेसुद्धा गप्प होतात.

४. तेल ऑलिव्हचंच हवं असा हट्ट कुणी धरला तर वाद घालत बसू नकोस. पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली आजाऱ्यांसाठी दुसऱ्या वनस्पतींचं तेलही चालेल असं ठरवलं आणि आताच्या चर्च कायद्यात ते तिन्ही तेलांना लागू आहे – ऑलिव्ह जगात सगळीकडे पिकत नाही, आणि कोणतं घ्यायचं ते बिशप बघतील.

५. नवं आलं की जुनं बाजूला काढ आणि फादरांना विचारून जाळ. वेदीजवळचा अखंड दिवा तेलाचा असेल तर त्यातच घाल – मोरीत ओतायची ती वस्तू नाही. जुनं ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून नव्यात मिसळणारा हात तुझा नसावा.

६. जानेवारीत निफाडला पारा उतरला की आपल्याकडेही ऑलिव्ह तेल गढूळ होतं, कधी थिजतं. घाबरू नकोस, गॅसवर तर मुळीच धरू नकोस. मुठीत धरून बस – पाच-दहा मिनिटांत ते आपोआप मोकळं होतं. एप्रिल-मेची गोष्ट उलटी: खिडकीजवळचं कपाट तापतं, म्हणून बाटल्या भिंतीकडच्या खणात.

७. रोजच्या डबीत तेलात भिजलेला कापूस असतो, तो शनिवारी बघत जा – रविवारी मूल हातात घेऊन फादर उभे आणि डबी कोरडी, ही वेळ येऊ नये. काढलेला कापूस जाळायचा, राख कुंडीत नव्हे, पाय पडणार नाही अशा मातीत.

८. दृढीकरणाला बिशप येतील तेव्हा लिंबाची फोड, पावाचा तुकडा, पाणी आणि टॉवेल तयार ठेव – तेलकट अंगठा नुसत्या पाण्याने निघत नाही, आणि ऐन वेळी लिंबू आणायला बाजारात धावावं लागतं.

आता घरच्या गोष्टी, कारण लोक तुला रस्त्यात गाठून विचारतील.

९. स्नानसंस्काराला बाळाला पुढून नाड्या असलेलं झबलं घालायला सांग – दीक्षार्थींचं तेल छातीवर लावतात, आणि डोक्यातून घालायचा फ्रॉक असला की आई, गॉडमदर आणि बाळ तिघंही रडकुंडीला येतात.

१०. आजीला हळूच सांग, त्या सकाळी टाळू भरू नका – ख्रिस्मा टाळूवरच लावतात, आणि खोबरेल थापलेलं असलं की फादरांचा अंगठा घसरतो. आजी रुसली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट भरू दे.

११. बाळ काचेच्या पेटीत असेल आणि डॉक्टरांचा चेहरा पडलेला असेल, तर तेलाची वाट बघू नका. गरज पडली तर कुणीही डोक्यावर पाणी ओतून, त्रैक्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकतं – ख्रिस्मा राहिला तर बाळ बरं झाल्यावर चर्चमध्ये लावता येतो.

१२. लग्नाच्या विधीत पवित्र तेल नसतं. तेल काय ते हळदीला.

१३. आणि आता मुख्य. आजारी माणसासाठी फादरांना लवकर बोलव. ‘फादर आले म्हणजे आटोपलं’ ही भीती आपल्या आज्यांच्या काळातली. व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केलं की आजाऱ्यांच्या अभ्यंगाचा हा संस्कार फक्त अखेरच्या घटकेचा नाही – गंभीर दुखणं, मोठं ऑपरेशन, म्हातारपणाने आलेली अशक्तता, एवढं पुरे आहे. उशिरा आलेलं तेल रडणाऱ्यांच्याच हाताला लागतं.

१४. ऑपरेशन असेल तर आदल्या संध्याकाळीच – माणूस शुद्धीत असला की पापनिवेदन करतो, कम्युनियन घेतो, फादरांशी दोन शब्द बोलतो. भूल दिल्यावर यातलं काही होत नाही.

१५. एकदा झालं म्हणून पुन्हा नाही, असं नसतं. बरा होऊन परत गंभीर पडला, किंवा त्याच दुखण्यात तब्येत खालावली, तर पुन्हा देता येतं – म्हणून ‘एवढ्यात नको, राखून ठेवू’ हा हिशोब करायचाच नाही.

१६. घरी स्टुलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि थोडा कापूस. पण ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती नाही, काडीही नाही – ऑक्सिजनजवळ ठिणगी क्षणात पेट घेते.

१७. आयसीयूत आधी सिस्टरला सांग की दोन मिनिटं हवीत, कपाळावर आणि तळहातांवर किंचित तेल लागेल. हाताला सलाइन असेल तर फादरांना अडचण नसते – निकडीच्या वेळी कपाळावरचा एकच अभ्यंग पुरतो.

१८. कम्युनियन घरी आणणारे सेवक किंवा मठातल्या सिस्टर हे तेल लावू शकत नाहीत, ते काम धर्मगुरूचंच. त्यांना गळ घालू नकोस – बिचाऱ्या नाही म्हणताना ओशाळतात. यात्रेहून आणलेली तेलाची बाटली घरी श्रद्धेने लावा, हरकत नाही, फक्त ती आली म्हणून फादरांना फोन करायचं टाळू नका.

१९. प्राण गेले की नाहीत अशी शंका असेल तर हिशोब करत बसू नका, फोन लावा – शंका असेल तर संस्कार देतात. मृत्यू नक्की झालेला असेल तर तेल नाही, पण प्रार्थना आहेच, आणि त्या क्षणी घरच्यांना ती लागते.

२०. औषधाची चिठ्ठी आणि फादरांचा नंबर एकाच खिळ्याला. नंबर मोठ्या आकड्यांत, शाईने – रात्री दोनला चष्मा सापडत नाही, मोबाइलची बॅटरी संपलेली असते.

२१. शेजारच्या काकू, ज्या दर फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला आपल्याही आधी रांगेत असतात, त्या म्हणतील ‘आम्हालाही लावा’. हा संस्कार आपल्या लोकांसाठी आहे हे मऊपणाने सांग आणि फादरांना त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला सांग – नकार आणि आशीर्वाद एकाच दारातून आले की कुणी दुखावत नाही.

२२. ११ फेब्रुवारीला आजाऱ्यांचा जागतिक दिन असतो, पोप दुसरे जॉन पॉल यांच्यामुळे १९९३पासून पाळतात. त्या दिवशी चर्चमध्ये सगळ्यांना एकत्र अभ्यंग देणार असतील तर आठवडाभर आधी यादी कर: कोणाला चाकाची खुर्ची, कोणाला रिक्षा, कोणाला पुढच्या बाकाजवळ पंखा. जेलरोडच्या थोरल्या काकूंना मात्र तू स्वतः आणायला जा – त्या भाड्यावरून रिक्षावाल्याशी भांडतात आणि मिस्सेला नेहमी उशिरा पोचतात.