गिटारच्या ध्वनिवर्धकात नऊ व्होल्टांची सोय



गेल्या स्नेहसंमेलनात आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने विद्युत् गिटारवर धून वाजविली, हे तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. धून रंगात आली असताना तिचा आवाज एकाएकी चिरका झाला, मग क्षीण झाला आणि शेवटी बंदच पडला. सभागृहात हशा पिकला. वस्तुतः वाद्य बिघडले नव्हते आणि वादकही चुकला नव्हता. त्याच्या पायाशी असलेल्या लहानशा पेटीतील बॅटरी संपली होती, एवढेच. परंतु त्या बॅटरीला पर्याय शोधताना पुढे जे घडले, ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. त्या खटाटोपातून विद्युत्शास्त्राचे जे धडे मिळाले, ते येथे सांगतो.

पायाशी असलेली पेटी

‘पेडल’ म्हटले की आपल्याकडे पायपेटी आठवते. गिटारच्या पेडलला मात्र भाता नसतो. गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्यामध्ये जोडलेली ती एक विद्युत्पेटी होय. पायाने कळ दाबली, की ती तारांचा आवाज खरखरीत करते किंवा त्याचा प्रतिध्वनी उमटविते. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि अशा पेट्या खिशात मावण्याजोग्या होण्याचा मार्ग मोकळा झाला. १९६२ साली ‘माएस्ट्रो फझ-टोन’ नावाचे पेडल अमेरिकेत निघाले. १९६५ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ या इंग्रज वाद्यवृंदाच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतात त्याचा आवाज जगभर ऐकू गेला. पुढे नऊ व्होल्टांची चौकोनी बॅटरी हीच पेडलची रूढ शिदोरी ठरली.

ही शिदोरी किती पुरते? चांगल्या बॅटरीत सुमारे ५०० मिलिअँपिअर-तास एवढा साठा असतो. खरखर करणाऱ्या साध्या पेडलला पाच-दहा मिलिअँपिअर प्रवाह लागतो; त्याला ती बॅटरी अनेक दिवस पुरते. प्रतिध्वनी उमटविणाऱ्या पेडलला ५० मिलिअँपिअर लागत असतील, तर तिचे आयुष्य फार तर दहा तासांचे. आमच्या वादकाचे हेच झाले.

एक घातक सल्ला

बॅटरीऐवजी त्याने घरातला एक स्वस्त ॲडॅप्टर जोडला. त्याबरोबर ध्वनिक्षेपकातून अखंड गुरगुर सुरू झाली. जणू कोणी न मागितलेला तंबोराच. ती घालविण्यासाठी कोणीतरी त्याला सल्ला दिला, की ध्वनिवर्धकाच्या प्लगमधील भूमीची तार, म्हणजे अर्थिंग, काढून टाक. त्याने ती काढलीही! हे सहज बोलण्यात कळले, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

गिटारच्या तारा ध्वनिवर्धकाच्या धातूच्या सांगाड्याशी विद्युत्दृष्ट्या जोडलेल्या असतात. आत बिघाड होऊन सांगाड्यात २३० व्होल्ट उतरले, तर भूमीची तार तो प्रवाह जमिनीत नेते आणि फ्यूज वितळतो. ती तार नसेल, तर वादकाचे शरीर हाच मार्ग उरतो. हात तारांवर आणि ओठ ध्वनिग्राहकाला लागलेले, अशा स्थितीत तर सुटका नाही. भूमीला नीट न जोडलेल्या उपकरणांमुळे १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वी रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने मरण पावला. गुरगुर सहन करावी. भूमीची तार कदापि तोडू नये. शिवाय ही गुरगुर भूमीच्या तारेमुळे नव्हतीच. ती कशामुळे होती ते पाहू.

मोट, थारोळे आणि दारवान

घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. रोहित्र तिचा दाब कमी करते. चार डायोडांचा पूल तिला एकाच दिशेने वळवितो. पण असा वळविलेला प्रवाह सलग नसतो. तो सेकंदाला १०० उसळ्या मारतो. या उसळ्या जशाच्या तशा पेडलपर्यंत गेल्या, तर त्याच गुरगुरीच्या रूपाने कानी पडतात.

विहिरीवरची मोट आठवा. ती पाणी थांबून थांबून ओतते. पण ते आधी थारोळ्यात पडते आणि तेथून पाटात बरेचसे संथ वाहते. विजेच्या मार्गातले थारोळे म्हणजे धारित्र, अर्थात् कारागिरांचा कंडेन्सर. तरीही थारोळ्यातील पातळी थोडी वरखाली होतेच. म्हणून पाटाच्या तोंडाशी एक दक्ष दारवान हवा, जो दार कमीअधिक उघडून पुढची पातळी कायम राखील. हे काम ‘रेग्युलेटर’ किंवा दाब-नियामक करतो. ‘७८०९’ या क्रमांकाचा तीन पायांचा नियामक नऊ व्होल्ट देतो; मात्र त्याच्याकडे येणारा दाब सुमारे ११ व्होल्टांखाली जाता कामा नये.

आडातच नाही तर?

आमच्या वादकाचा ध्वनिवर्धक जुना, निर्वात नलिकांचा होता. नलिका तापविण्यासाठी त्याच्या रोहित्रात ६.३ व्होल्टांचे वेटोळे असते. त्याने विचारले, “सर, याच वेटोळ्यातून नऊ व्होल्ट काढता येणार नाहीत का?”

गणित करून पाहा. ६.३ ला १.४१४ ने गुणले, की शिखराचा दाब सुमारे ८.९ व्होल्ट येतो. पुलात एका वेळी दोन डायोड आपला वाटा घेतात. तो सुमारे १.४ व्होल्ट. उरले ७.५. नियामक दाब कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? दुसरी अडचण अशी, की त्या वेटोळ्याचा मध्य बहुधा सांगाड्याला जोडलेला असतो. डायोडांच्या पुलाचे ऋण टोकही सांगाड्याला जोडले, तर एका डायोडमधून अर्धे वेटोळेच लघुमार्गित होते.

म्हणून आम्ही १२ व्होल्टांचे लहान, स्वतंत्र रोहित्र घेतले. १२ × १.४१४ = १६.९७, त्यातून १.४ वजा जाता सुमारे १५.५ व्होल्ट. १००० मायक्रोफॅरडचे धारित्र लावून १०० मिलिअँपिअर प्रवाह घेतला, तर दाबाची चढउतार सुमारे एक व्होल्ट होते. म्हणजे तळाशी १४.५ व्होल्ट राहतात. घरातील वीज दहा टक्क्यांनी उतरली, तरी तळ १२.९ च्या आसपास राहतो. दारवान निश्चिंत!

वरचे साडेसहा व्होल्ट कोठे जातात? त्यांची उष्णता होते: ६.५ × ०.१ = ०.६५ वॉट. म्हणून नियामकाला ॲल्युमिनियमची पट्टी बसविली.

जोडणीतील तीन खुब्या

पहिली खुबी सांधण्याची. पेडलचे ऋण टोक गिटारच्या केबलमधून ध्वनिवर्धकाच्या सांगाड्याला आधीच पोचलेले असते. आपल्या नऊ व्होल्टांचे ऋण टोकही आपण सांगाड्याला जोडले, तर दोन वाटांचे एक वर्तुळ तयार होते आणि रोहित्राचे चुंबकीय क्षेत्र त्यात गुरगुर निर्माण करते. म्हणून ते टोक आत कोठेही सांगाड्याला डाख देऊन जोडले नाही. एकच वाट ठेवली.

दुसरी खुबी खोबणीची. पेडलच्या प्रचलित खोबणीत मधले टोक ऋण आणि बाहेरचे धन असते. त्यामुळे धातूची खोबणी सरळ सांगाड्यावर बसविली, तर धन टोक सांगाड्याला भिडते. आम्ही प्लॅस्टिकची खोबणी वापरली.

तिसरी खुबी जागेची. नवे रोहित्र ध्वनिवर्धकाच्या पेटीत तळाशी, पोलादी डब्यात, पहिल्या नलिकेपासून दूर ठेवले. डब्याला भूमीची तार जोडली आणि रोहित्राच्या मार्गात वेगळा फ्यूज घातला. घरच्या विजेची सर्व जोडणी परवानाधारक तंत्रज्ञाने केली. आम्ही फक्त नऊ व्होल्टांच्या बाजूला हात लावला. हे मुद्दाम सांगतो. नलिकांच्या ध्वनिवर्धकात तीनशे-चारशे व्होल्टांचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही धारित्रांत तो काही काळ टिकून राहतो. अशी पेटी विद्यार्थ्यांनी स्वतः उघडू नये.

सर्वांत आधी मात्र प्लगमधील भूमीची तार पुन्हा बसविली. मग कळ दाबली. ध्वनिक्षेपक शांत होता. वादकाने एकच तार छेडली. तिचा स्वर स्वच्छ उमटला आणि हळूहळू विरून गेला. “सर, सल्ला ऐकताना मी कारण विचारलेच नाही,” तो म्हणाला. गुरगुरीचे कारण न शोधता तिचा आवाज तेवढा बंद करू पाहणे, हीच त्याची चूक होती. आणि ती आपल्यापैकी कोणाच्याही हातून घडू शकते.

सोडवून पाहा

१. वरील रचनेतून १०० ऐवजी ३०० मिलिअँपिअर प्रवाह घेतला आणि घरातील वीज दहा टक्क्यांनी उतरली, तर नियामकाकडे किमान किती व्होल्ट येतील? गुरगुर पुन्हा ऐकू येईल काय?

२. येत असल्यास, थारोळे किती मोठे करावे? २२०० मायक्रोफॅरडचे धारित्र घेऊन गणित मांडा.

३. तुमच्या घरातील कोणकोणत्या उपकरणांना तीन पिनांचे प्लग आहेत, याची यादी करा. ती उपकरणे न उघडता, तिसरी पिन कोणी मोडून टाकलेली नाही ना, हे वडीलधाऱ्यांसमवेत पाहा.