रय्यान : नावाचा अर्थ आणि नावाची जबाबदारी

अकीकाच्या निमित्ताने माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या ओठांवर गेली काही वर्षे एक नाव वारंवार येते : रय्यान. उच्चारायला सोपे, कानाला गोड आणि इंग्रजी शाळेच्या हजेरीपटावरही न अडखळणारे. लोकप्रियतेची ही कारणे गैर नाहीत. पण ती नावाच्या उंबरठ्यापर्यंतच पोहोचतात.

काही महिन्यांपूर्वी कोळशाच्या खुल्या खाणीत काम करणारे एक गृहस्थ आपल्या नवजात मुलाचे नाव घेऊन आले. रुग्णालयाच्या कागदावर ‘रेहान’, अकीकाच्या निमंत्रणावर ‘रियान’ आणि मोबाइलवर ‘रायन’ असे लिहिलेले होते. त्यांनी विचारले, “मौलाना, तिन्ही एकच ना?”

तिन्ही एक नाहीत. ‘रैहान’ म्हणजे सुगंधी वनस्पती. आपण ज्याला सब्जा म्हणतो, त्याच्या कुळातील रोपांनाही अरबीत हेच नाव आहे. दिव्य कुरआनात हा शब्द सूरह रहमान आणि सूरह वाकिआमध्ये आला आहे. नाव उत्तमच, पण वेगळे. ‘रायन’ हे आयर्लंडकडचे आडनाव. अरबीशी त्याचे नाते नाही. आणि ‘रय्यान’ म्हणजे मनसोक्त पाणी पिऊन तृप्त झालेला. अरबीत ‘अत्शान’ म्हणजे तहानलेला. त्याच घडणीचा आणि नेमक्या उलट अर्थाचा हा शब्द आहे. मूळ धातूतील ‘व’ पुढच्या ‘य’मध्ये मिसळून गेल्याने ‘य’चे द्वित्त झाले. म्हणून मराठीत ‘रय्यान’ असे जोडाक्षरानेच लिहावे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. त्याआधीच नावाचे अक्षर न् अक्षर कागदावर लिहून ठेवले, तर पुढची धावपळ वाचते.

या धातूचा परिवारही पाहण्यासारखा आहे. पाणी वाहून नेणारा उंट आणि पाण्याची पखाल या दोहोंना अरबीत ‘राविया’ म्हणत. पुढे काव्य आणि वृत्तांत वाहून नेणाऱ्यालाही तोच शब्द लागला. हदीस आपल्यापर्यंत पोहोचवणारा ‘रावी’ याच घरचा. गडचिरोलीच्या जंगलात खांद्याला पाण्याचा तुंबा अडकवून चाललेला माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. हजयात्रेत जिल्हिज्जाच्या आठव्या दिवसाला ‘यौमुत्तरविया’ म्हणतात. अरफातला निघण्यापूर्वी यात्रेकरू त्या दिवशी पाणी भरून घेत असत.

परंतु मुस्लिम घरांत हे नाव रुजले ते एका हदीसमुळे. हजरत सहल बिन साद (रजि.) यांच्या कथनाचा आशय असा : स्वर्गाला ‘रय्यान’ नावाचे एक द्वार आहे. पुनरुत्थानाच्या दिवशी रोजे पाळणारेच त्यातून आत जातील, आणि ते आत गेल्यावर ते द्वार बंद केले जाईल. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. दाराला ‘भूक शमवणारे’ असे नाव नाही, ‘तृप्त’ असे आहे. रोजात माणसाला अधिक कासावीस करते ती तहान. ज्याने ती अल्लाहसाठी सोसली, त्याच्या स्वागताला दारावरच तृप्ती लिहिलेली आहे.

हा अर्थ ऐकून ते गृहस्थ गप्प झाले. मग खाली मान घालून म्हणाले, “मौलाना, २०१८ आणि २०१९ चा रमजान ऐन उन्हाळ्यात आला होता. खाणीत माझे बरेच रोजे सुटले. ते अजून बाकी आहेत. मग हे नाव ठेवण्याचा मला हक्क आहे का?”

वाचकहो, हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांवर जातो. त्याच दिवसांत गडचिरोलीत तेंदूपत्त्याची तोडणी चालते. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींमध्ये आजारी माणसाला व प्रवाशाला इतर दिवशी रोजांची संख्या पूर्ण करण्याची सवलत आहे, आणि अल्लाह तुमच्यासाठी सुलभता इच्छितो, असेही सांगितले आहे. कष्टकऱ्याबाबत धर्मशास्त्रज्ञ सांगतात की, त्याने रोजाचा संकल्प करून दिवस सुरू करावा. प्राणाला किंवा प्रकृतीला धोका वाटला तर रोजा सोडावा आणि नंतर त्याची कजा करावी. काम कठीण आहे म्हणून आधीच रोजा न धरणे योग्य नाही आणि चक्कर येईपर्यंत हट्ट धरणेही योग्य नाही. सुटलेला रोजा हे कर्ज आहे. हिवाळ्याच्या लहान दिवसांत ते फेडता येते.

मी त्यांना म्हणालो, “नाव ठेवा. मात्र नाव हा ताईत नव्हे. रोजे पाळणाऱ्यांचे द्वार नावाने उघडत नाही. मुलाला एक दिवस हा अर्थ सांगावा लागेल. त्याआधी आपले कर्ज फेडायला घ्या.”

आणखी एक गोष्ट. तहान केवळ स्वतःची ओळखून भागत नाही. तहानेने चिखल चाटणाऱ्या कुत्र्याला विहिरीत उतरून पाणी पाजणाऱ्या माणसाला अल्लाहने क्षमा केली, असे बुखारीत आहे. आपल्या भागात उन्हाळ्यात वन्यजीवांसाठीही पाणवठे भरावे लागतात. ज्या घरात रय्यान आहे, त्या घराच्या दारात चैत्र-वैशाखात एक माठ असावा आणि त्यातले पाणी येणाऱ्याची जात-धर्म न विचारता द्यावे.

चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान साधारण ३३ वर्षांनी त्याच ऋतूत परततो. तो पुन्हा मे महिन्यात येईल तेव्हा आजचा हा तान्हुला पंचविशीच्या आसपास असेल, कदाचित उन्हात राबतही असेल. त्या दुपारी आपल्या नावाचा अर्थ त्याला ठाऊक असावा, एवढीच या लेखामागची तळमळ. त्याच्या वडिलांनी मागील हिवाळ्यात सोमवार-गुरुवार धरून कजा रोजे सुरू केले आहेत.

अल्लाह आपल्या मुलांना त्यांच्या नावांना साजेसे जीवन देवो आणि आपणा सर्वांना त्या द्वाराने प्रवेश देवो. आमीन.